खालनं एकोणिसावं कार्ड

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून "तुमच्या कामाबद्दल लिहा की" म्हटलं, तवा मी त्यांच्याच आवाजात "बरं, बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. मागनं वाटलं, आपण काय लिवणार? कामाचा अनुभव सांगायचा म्हंजे डोक्यावरचं चार केस तरी पिकायला पायजेत. माझं वय अठ्ठावीस. केस सगळं काळं हाय, जाग्यावर हाय. पण ह्या कामात आठ वर्षं गेली, आणि निपाणीत घरच्यांना अजून कळलं न्हाय मी नेमकं काय करतोय ते. आई शेजारणीला सांगती, "आमचा धाकटा रद्दीच्या लाईनीत हाय. पण शिकल्याल्या रद्दीच्या." तर तिच्यासाठी का हुईना, लिवतो.

लोकं इतिहासावर निबंध लिवतात, पीएचडी करतात. त्यांना लागणारी जुनी कागदं मी हुडकून देतो. ह्या कागदांना ते प्राथमिक साधनं म्हणतात. म्हंजे काय? लग्नात पंगतीला बसून जेवला त्यो प्राथमिक. घरात बसून "मठ्ठा आंबट होता म्हणं" असं सांगतोय त्यो दुय्यम. इतिहास लिवायचा तर पंगतीतला माणूस पायजे. अडचण एवढीच, पंगतीतली माणसं मेल्याली असतात, आणि त्यांनी कागद ठेवला असंल तर त्यो कुणाच्या तरी माळ्यावर असतोय, निम्मा उंदरानं वाचून संपवल्याला.

मला मोडी वाचाय येतं, कन्नड वाचाय येतं आणि माणसांच्या नकला करता येतात. पयल्या दोन गोष्टींचं सर्टिफिकेट हाय. काम चालतंय तिसरीवर. बेळगावात सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेलं की पयलं वाक्य कानावर येतंय, "नाळे बर्री." म्हंजे उद्या या. एकदा मी तेच वाक्य त्याच सुरात, तसंच चष्म्यावरनं बघत परत म्हटलं. कारकुनानं हसून हसून मला खुर्ची दिली. नकलेनं दार उघडतंय, हे मी तवा शिकलो. नकलेनं काय काय बंद होतंय, ते शिकायला अजून अवकाश होता.

गिऱ्हाइकं लई नमुन्याची. पिरनवाडीकडची कॉलेजची पोरं संध्याकाळी फोन करत्यात, "अण्णा, पाच प्राथमिक साधनं पाठवा की, उद्या सबमिशन हाय." जसं काय मी खव्याचा कुंदा विकतोय, पाव किलो बांधून द्या. टिळकवाडीतल्या एका रिटायर साहेबांना आपले खापरपणजोबा लढाईत तलवार घेऊन गाजले, ह्याचा पुरावा पायजे होता. दोन म्हयनं मी दप्तरं खालीवर केली. खापरपणजोबा सापडले. तलवार सापडली न्हाय, रजेचा अर्ज सापडला: बैठकीच्या जागी फोड झालेत, घोड्यावर बसवत नाही, तरी पंधरा दिवस घरी राहण्याची आज्ञा व्हावी. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्षर मात्र वळणदार आहे." आता त्यो अर्ज फ्रेम करून त्यांच्या हॉलमध्ये लावलाय. येणाऱ्या पावण्यांना मोडी येत न्हाय. ते बघून हात जोडत्यात.

पण मला सांगायचं हाय ते गंगाक्काचं.

तीन वर्षांमागं पुण्यास्नं एक मॅडम आल्या. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकर घरातल्या पोरींवर त्यांना निबंध लिवायचा होता. मागावर बसणार बापय माणूस, नाव लागणार बापयाचं. पण कांड्या भरणार पोरी. कांडी म्हंजे मागावर इकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसती ती बोटाएवढी नळी. रहाट फिरवून तिच्यावर धागा गुंडाळावा लागतोय, तवा कुठं साडी पुढं सरकती. सात-आठ वर्षांच्या पोरींचा सगळा जलम ह्याच्यात जायचा, लगीन होईपर्यंत. मॅडमना त्या पोरींनी स्वतः लिवलेलं काय तरी पायजे होतं. "एक ओळ चालेल," म्हणाल्या. त्या एका ओळीवर त्यांचा सगळा निबंध अडून बसलेला.

दीड म्हयना मी शहापूरच्या बोळातनं फिरलो. सगळ्यांनी चहा पाजला आणि हसले. बायकांचं कुठलं आलंय कागद, म्हणाले. शेवटाला एका पानवाल्यानं सांगितलं, गंगाक्काकडं बघ, तिच्याकडं तार हाय.

पूर्वी घरोघरी असायची तसली तार. वरचं टोक आकड्यागत वाकवल्यालं आणि अणकुचीदार, खाली लाकडाची चकती. आलेलं पत्र वाचून झालं की वरनं टोचायचं आणि खाली सरकवायचं. म्हंजे सगळ्यात जुनं ते तळाला, सगळ्यात नवं ते वर. घराची तार बाहेरच्या सोप्यात टांगल्याली असायची, पण गंगाक्काची तार तिची स्वतःची होती. आतल्या खोलीत, खाटेच्या डोक्याशी, खिळ्याला. तिच्यावर एकोणीस पोस्टकार्डं. सगळी एकाच माणसाची.

गंगाक्का ऐंशीच्या पुढची. बारीक, ताठ, कपाळावर हिरवं गोंदण. भिंतीपल्याड पोरांचं पॉवरलूम दिवसभर खडखडत असायचं, त्यामुळं ती वरच्या पट्टीत बोलायची. मी गेलतो त्या दिवशी ओळख म्हणून बेळगाव-निपाणी गाडीच्या कंडक्टरची नक्कल केली, मग त्यांच्या गल्लीतल्या भटजींची, मग पुण्याच्या मॅडमची. तिनं सगळं बघितलं, हसली बी. मग इचारलं, "आणि ह्यातला तुझा आवाज कुठला रं?"

मी म्हटलं, त्यो गिऱ्हाइकाला देत न्हाय आक्का, स्टॉक कमी हाय.

कार्डं होती सुशीची. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, दोघींचे रहाट शेजारी शेजारी. कांडी संपली की तिच्यावर वीतभर धागा उरायचा. त्यो टाकून द्यायचा न्हाय. एकीनं डोळं मिटून हात पुढं करायचा, दुसरीनं उरलेला धागा मनगटाला बांधायचा, आणि रंग वळखायचा. कसा वळखणार? रंगाचा वास येतोय, गंगाक्का म्हणाली, हिरवा लई उग्र असतोय. सुशीच्या बानं तिला चौथीपर्यंत शाळेत घातलेलं. गंगाक्काला न्हाय. पुढं गंगाक्का ह्याच गल्लीत दिली आणि सुशी निपाणीला. तिकडं सुशी तंबाखूच्या वखारीत कामाला लागली आणि कार्डं टाकाय लागली. कार्ड आलं की गंगाक्काचे मामंजी, म्हंजे सासरे, सोप्यात बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे. सून दाराआड उभी राहून ऐकायची. मामंजींचं वाचून झालं की कार्ड तिचं.

मी मॅडमना फोन केला. एक ओळ मागितलेल्या मॅडमना एकोणीस कार्डं मिळाल्याली. आकडा त्यांनी मला तीनदा सांगायला लावला.

गंगाक्काची अट एकच. तारेवरनं काढायचं न्हाय. एक एक उचलून, वाकवून, काय बघायचं ते बघ. का, ते तिनं दाखवलं. तिला अक्षर वळखत न्हाय, पण कार्ड वळखतंय. खालनं मोजत तिची बोटं वर सरकली, तिसऱ्यावर थांबली, दुमडलेला कोपरा अंगठ्यानं चाचपला, आणि ती म्हणाय लागली. "गंगीस सुशीचा नमस्कार. पोरीचं बारसं झालं, नाव कमळ ठेवलं..." पण त्यो तिचा आवाज न्हवताच. जाड, घशातला, म्हाताऱ्या बापयाचा आवाज. दर दोन वाक्यांनी एक खोकला, आणि खोकल्यानंतर "हां" म्हणून पुढं. मामंजी मरून चाळीस-पंचेचाळीस वर्षं झालती, आणि ते माझ्यासमोर बसून पत्र वाचत होते. सातवं कार्ड हळदीच्या डागाचं, अकरावं शेळीनं कोपरा खाल्ल्यालं. प्रत्येकाची जागा ठरल्याली, प्रत्येकातला मजकूर पाठ, खोकल्यासकट. मी आठ वर्षं नकला करत पोट भरतोय. त्या दिवशी मी माझ्या गुरूसमोर बसलोय असं वाटलं.

आणि दुसऱ्या दिवशी मी माती खाल्ली.

मॅडमना स्वच्छ फोटो पायजे होते, दोन्ही बाजूंचे, पांढऱ्या कागदावर ठेवून. वाकवून वाकवून फोटो काळं येत होतं. गंगाक्का देवळात गेलती. करंट गेलता, घरात अंधार. मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम हाय, म्हातारीला दिसतंय कुठं. सगळी कार्डं तारेवरनं काढली, दाराच्या उजेडात फरशीवर ओळीनं मांडली, तळातलं पयलं, मग दुसरं. चार फोटो झालं असतील. करंट आला. डोक्यावरच्या पंख्याचं बटण चालूच होतं हे मी बघितलंच न्हवतं.

एकोणीस कार्डं घरभर झाली. काही खाटेखाली, एक चुलीपाशी, दोन बाहेर बोळात. सगळी गोळा केली, पण क्रम गेला. सुशी कधी तारीख घालत न्हवती. पोस्टाचे शिक्के पुसल्याले, काही ठिकाणी नुसता काळा चंद्र. क्रम कुठं लिवल्याला न्हवताच, त्यो फक्त तारेवर होता. मी आपलं अंदाजानं लावून कार्डं परत टोचली आणि शहाण्यासारखा बसून राहिलो. खरं सांगतो, मनात हेच होतं की तिला वाचाय येत न्हाय, कळतंय कशाला.

ती आली. पाय पुसले, माझ्यासमोर प्रसादाचं खोबरं ठेवलं, आणि सवयीनं तारेला हात लावला. बोटं तिसऱ्या कार्डावर गेली. अंगठा कोपरा हुडकत राहिला. मग चौथं, पाचवं. मग तिनं हात काढून घेतला.

"काढलास व्हय?" एवढंच म्हणाली.

मी पंख्याचं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, चहा ठेवला, मला दिला. स्वतः घेतला न्हाय. समोर तार लोंबत होती आणि म्हातारी तिच्याकडं बघतच न्हवती. अक्षर न येणाऱ्या बाईनं साठ वर्षं पुस्तकासारखं वाचल्यालं, ते मी एका दुपारी कोरं करून टाकलं होतं. मॅडमना फोन केला. त्यांनी सांगितलं, क्रम नसंल तर कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर, काहीच म्हणता येत न्हाय. निबंध गेला. पण खरं सांगायचं तर मला निबंधाचं न्हवतं. मला त्या न घेतलेल्या चहाचं होतं.

तिसऱ्या दिवशी परत गेलो. म्हटलं, आक्का, कार्डं हललीत, पण तुमच्या डोक्यातली जाग्यावर हाईत. तुम्ही पयल्यापासनं म्हणा, मी हुडकतो.

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग मांडी घातली आणि मामंजींच्या आवाजात सुरू केलं.

चार दुपारी गेल्या त्यात. ती म्हणायची, मी फरशीवर पसरल्याल्या कार्डातनं ते हुडकायचो, पुन्हा वाचून खात्री करायचो, तारेत टोचायचो. कार्डं एकमेकांवर दबून भोकाभोवती तारेच्या गंजाची गोल वळी उमटल्याली होती. वरच्याच्या पाठीवरची वळी खालच्याच्या तोंडावरच्या वळीशी जुळली की समजायचं बरोबर हाय. एकदा बी चुकली न्हाय म्हातारी. एक शब्द इकडचा तिकडं न्हाय. वखारीत मुकादम कसा पोरींच्या अंगावर ओरडतोय, घरमालकाचा कोंबडा, कमळीचा पयला दात. मधीच मी मुकादमाची नक्कल करायचो आणि ती तोंडाला पदर लावून हसायची. चहा दोघांचा हुवाय लागला.

चवथ्या दुपारी अठरा झाली. फरशीवर एकच राहिलं, सगळ्यात वरचं, एकोणिसावं. ती म्हणाली, "गंगीस सुशीचा नमस्कार. इकडे सर्व खुशाल. पोरं मजेत. येण्याची घाई करू नकोस, गाडीचा त्रास होतो. पुढे कधी तरी भेटू. कळावे."

तवर नुसतं बाजूला सारत आलेलं ते कार्ड मी उचललं. त्यात हे न्हवतंच.

एकदा वाचलं, दोनदा वाचलं. कार्ड तेच, अक्षर सुशीचंच, गंजाची वळी अठराव्याशी जुळत होती. मजकूर येगळा होता. आणि मग माझ्या कानानं दुसरी गोष्ट धरली. नकला करणाऱ्याला हे कळतंय, बाकीच्यांना कळंल का न्हाय म्हाईत न्हाय.

"आक्का," मी म्हटलं, "ह्यात मामंजी खोकलं न्हाईत."

 तेवढ्यात करंट गेला. भिंतीपल्याडची मशीनं एकदम बंद पडली, आणि आक्का समोर असताना पयल्यांदाच ती खोली शांत झाली. ती खालच्या आवाजात बोलली.

"साठ वरसांत कुणी इचारलं न्हाय रं. तूच पयला. अठरा पत्रांत खोकलं, आणि हे एक धडाधड वाचून टाकलं. वाचल्याला माणूस खोकतोय. पाठ केल्याला खोकत न्हाय."

म्हंजे मामंजींनी कार्डातलं न वाचता मनचं सांगितलं, हे तिला ठावं होतं. त्या दिवशी दाराआड उभी असतानाच कळलंतं. लगीनसराई होती, माग रिकामा ठेवून चालणार न्हवता, कांड्या भरणारी ती एकटीच. पुढच्या दिवाळीत बाजारात निपाणीची एक बाई भेटली, तिच्याकडनं समजलं सुशी गेल्याचं. मी इचारलं, मग पोरांकडनं वाचून का घेतलं न्हाय, पोरं शिकल्याली हाईत, नातवंडं इंग्लिश मीडियमला हाईत.

"पोरांनी वाचलं असतं तर त्यास्नी आपल्या आज्याचं कळलं असतं," ती म्हणाली. "आज्या म्हंजे त्यास्नी देव. आणि मामंजी काय वाईट न्हवते. माझी तार त्यांनीच करून दिल्याली."

मग म्हणाली, "तू वाच."

मी खोटं बोलत न्हाय, एक क्षण माझ्या मनात आलं. मामंजींचा आवाज मला चार दिवसांत बसलाता. त्याच आवाजात, खोकला घालून, तेच खुशालीचं वाचून टाकलं असतं तर तिच्या जिवाला बरं वाटलं असतं. मला ते जमलं असतं. घसा साफ बी केला. म्हातारीनं लगेच हात वर केला.

"मामंजींचा नको. कुणाचाच काढू नको. तुझ्याच्यानं वाच."

माझा आवाज जरा चिरका हाय, नाकातला. शाळेत ह्याच्यावरनं पोरं चिडवायची, म्हणून तर मी दुसऱ्यांचे काढाय लागलो. त्याच आवाजात वाचलं.

"गंगीस सुशीचा नमस्कार. मला लई बरं नाही. वखारीतली धूळ छातीत बसली म्हणतात. पोरं जाऊबाईकडे आहेत. तुझ्या मामंजींना विचार आणि एकदा येऊन जा."

इथं मला पुढं वाचवेना. मामंजींना विचार. आणि ते सोप्यात बसून स्वतः हेच वाचत होते, दाराआड सून उभी. मी नाक ओढलं आणि पुढं वाचलं.

"काही आणू नको. कांडीवर उरलेला धागा आण, रंग कुठला पण चालेल. माझा हात लई बारीक झालाय, थोडा पुरे होईल. कळावे."

गंगाक्का रडली न्हाय. कार्ड हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी हात फिरवला, जणू ते आजच आलंय. म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. मग आणि एकदा. मग तिनं स्वतः ते तारेच्या टोकाला टोचलं आणि हळूच खाली सरकवलं.

मॅडमना मी दोन्ही सांगितलं, कार्डात काय हाय आणि सोप्यात काय वाचलं गेलं. गंगाक्कानं परवानगी दिली, फक्त मामंजींचं नाव नको म्हणाली. मॅडमनी सगळा निबंध बदलून त्या दोन मजकुरांच्या मधल्या जागेवर लिवला. तळटीपेत त्यांनी लिवलंय की पत्रांचा क्रम पत्राच्या मालकिणीनं लावला. पंख्याचं लिवलं न्हाय. ते मी इथं लिवतोय.

छापून आल्यावर एक प्रत घेऊन मी शहापूरला गेलो. सुशीचा पत्ता मी मधी निपाणीत हुडकून बघितलाता. त्या जागी आता मोबाईलचं दुकान हाय, कमळीचं कुणाला ठाऊक न्हाय. हे सांगायची माझी तयारी करून गेलतो. गंगाक्कानं इचारलंच न्हाय. निबंध हातात घेतला, मॅडमचं नाव कुठलं ते बोटानं दाखवून घेतलं, आणि उशाला ठेवला.

"तुझा कागद राहू दे. माझं ऐक."

तारेच्या आकड्याला वीतभर हिरवा धागा गुंडाळल्याला होता, ते मला तवा दिसलं. तिची बोटं तळापासनं वर मोजत गेली. तिसरं, सातवं, अकरावं. अठरापर्यंत मामंजी खोकत खोकत वाचत होते. मग बोटं सगळ्यात वरच्या कार्डावर आली. ती थांबली, मान जरा वाकडी केली, आणि चिरक्या, नाकातल्या आवाजात म्हणाय लागली.

"गंगीस सुशीचा नमस्कार. मला लई बरं नाही..."

माझाच आवाज. एवढा हुबेहूब की मला लाज वाटली. आणि "एकदा येऊन जा" म्हणून झाल्यावर, जिथं मी ओढलं होतं बरोबर तिथंच, गंगाक्कानं नाक ओढलं आणि मग पुढं वाचलं.